वाट्यावरची जप्ती

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेढीवर चोपड्या मांडल्या जातात. लाल कापडी बांधणीच्या कोऱ्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक निघते, पहिल्या पानावर 'श्री' येते, झेंडूची फुले वाहिली जातात आणि पोराबाळांच्या हातावर धणे-गूळ पडतो. आता हिशेब संगणकात गेले तरी ही लाल वही पुष्कळ घरांतून अजून सुटलेली नाही. या वहीला पूजेच्या वेळी आपण लक्ष्मीचे रूप मानतो. पण तिच्यात जमेच्या बाजूइतकीच नावेची बाजूही असते, आणि कोणाकडून किती येणे आहे याचा इतिहास लिहू गेल्यास तो पूजेइतका मंगल नाही. आज त्या इतिहासातले एक आडवळणाचे प्रकरण सांगावयाचे आहे. कर्ज बुडविणाऱ्या माणसाजवळ घर नाही, शेत नाही, रोकड नाही. आहे तो फक्त एखाद्या पेढीतला किंवा कंपनीतला वाटा. अशा वेळी कोर्टाचा हुकूमनामा हाती घेतलेल्या सावकाराने नेमके काय जप्त करावयाचे?

प्रश्न वकिलांचा वाटतो, पण तो घराघरांतला आहे. समजा, पुण्याला लक्ष्मी रस्त्यावर तीन भावांचे कापडाचे दुकान आहे. मधले बंधू भिडेला बळी पडून मेहुण्याला जामीन राहिले. मेहुण्याने हात वर केले, सावकाराने दावा लावला, हुकूमनामा मिळविला. पैसे देण्याची मधल्यांची ऐपत नाही. त्यांची सारी पुंजी दुकानात. आता थोरल्या आणि धाकट्या भावांनी तर कोणाचे कर्ज घेतलेले नाही, जामीनकीच्या कागदावर सही केलेली नाही. मग बेलिफाने येऊन दुकानातले तागे उचलावेत काय? न उचलावेत, तर सावकाराने हुकूमनामा फ्रेम करून भिंतीवर लावावा काय? दोन्ही बाजूंनी न्याय आहे, म्हणूनच या प्रश्नाने शहाण्या न्यायाधीशांना दोनशे वर्षे घाम फोडला.

१८७२ साली प्रिव्ही कौन्सिलने दरभंगा संस्थानच्या एका खटल्यात म्हणून ठेवले आहे की, हिंदुस्थानात पक्षकाराच्या अडचणी खऱ्या अर्थाने सुरू होतात त्या हुकूमनामा मिळाल्यानंतर. दावा जिंकणे निराळे, पैसा हाती येणे निराळे. कोर्टकचेऱ्यांच्या पायऱ्या झिजविलेल्या मंडळींना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. हुकूमनाम्यानंतर जी अर्जी करावी लागते तिला आपल्याकडे 'दरखास्त' म्हणतात, आणि ती दाव्याइतकीच वर्षे चालल्याच्या कथा प्रत्येक तालुक्याला आहेत.

जुन्या काळी हा मामला सुटसुटीत होता, कारण त्यात दयामाया नव्हती. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात धनकोला पैसा वसूल करण्याचे पाच मार्ग सांगितले आहेत: गोडीगुलाबी, न्यायालय, युक्ती, रूढाचार आणि शेवटी बळ. यांतल्या रूढाचाराचा अर्थ टीकाकारांनी ऋणकोच्या दारात उपाशी बसणे असा लावला आहे. म्हणजे आपले धरणे. सावकार स्वतः बसे किंवा एखाद्या ब्राह्मणास बसवी. दारात माणूस उपाशी, मग घरधन्याच्या घशाखाली घास कसा उतरावा? ही रीत इतकी रुजलेली होती की १८६० च्या भारतीय दंड संहितेला तिच्यासाठी कलम ५०८ घालावे लागले. देवाचा कोप होईल असा धाक घालून कोणाकडून काही करवून घेणे हा त्यात गुन्हा ठरला, आणि पहिलेच उदाहरण दारात धरणे धरून बसणाऱ्याचे दिले. भागीदारीही आपल्या शास्त्रकारांना ठाऊक होती. अठरा व्यवहारपदांत 'संभूयसमुत्थान' म्हणजे अनेकांनी मिळून केलेला उद्योग हे एक पद आहेच. परंतु एका भागीदाराच्या खासगी कर्जापायी दुसऱ्याच्या मालाला हात लावावा की नाही, हा पेच सोडविण्याचा मान इतिहासाने विलायतेस दिला. आपण तो मागाहून त्यांच्याकडून घेतला.

विलायतेत प्रथम माल नव्हे, माणूसच जप्त होई. १८२४ च्या फेब्रुवारीत जॉन डिकन्स नावाच्या एका कारकुनाला चाळीस पौंड दहा शिलिंगांच्या कर्जासाठी लंडनच्या मार्शलसी तुरुंगात टाकले. कर्ज होते पाववाल्याचे. त्याची बायको धाकट्या मुलांसह तुरुंगातच राहावयास गेली. बारा वर्षांचा मुलगा चार्ल्स मात्र बाहेर राहून बुटांच्या काळ्या पॉलिशच्या कारखान्यात बरण्यांना चिठ्ठ्या चिकटवीत होता. पुढे हाच चार्ल्स डिकन्स जगप्रसिद्ध कादंबरीकार झाला आणि 'लिटल डॉरिट'मध्ये त्याने तो तुरुंग अजरामर करून ठेवला. कोंडलेला माणूस मिळवीत नाही आणि न मिळविणारा माणूस कर्ज फेडीत नाही, एवढी साधी गोष्ट पार्लमेंटाच्या गळी उतरण्यास पुष्कळ वर्षे लागली. १८३८ साली एक कायदा झाला. त्याने निकालापूर्वीच ऋणकोला पकडण्याची चाल जवळजवळ बंद केली, आणि धनकोचे नुकसान होऊ नये म्हणून त्याच कायद्याने त्याला मालमत्तेवर नवी पकड दिली. तोवर शेरीफाच्या शिपायाला टेबल उचलता येई, घोडा सोडता येई. पण कंपनीतला शेअर म्हणजे काही घोडा नव्हे, त्याला दावे नाही की लगाम नाही. १८३८ च्या कायद्याने न्यायाधीशाला अधिकार दिला की, ऋणकोच्या नावावरील शेअरवर त्याने धनकोच्या रकमेचा बोजा चढवावा. मात्र बोजा चढल्यावरही सहा महिने पुढची कारवाई नाही. माणूस सोडला आणि कागद पकडला, असा हा सौदा होता.

शेअर जप्त करणे दिसते तितके सुखाचे नसते, हे मुंबईकरांनी तरी विसरू नये. अमेरिकेत १८६१ साली यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस बंद पडला, आणि लँकेशायरचा पैसा मुंबईत धो धो वाहू लागला. समुद्र बुजवून जमीन काढण्याच्या कंपन्या निघाल्या. बॅक बे कंपनीचा पाच हजार भरणा झालेला शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. प्रेमचंद रायचंदांच्या शब्दावर बँका पैसा देत. मग १८६५ च्या एप्रिलात दक्षिणेकडील सेनापती ली शरण आला, कापसाचे भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ रोजी, वायद्यांच्या हिशेबाच्या दिवशी, मुंबईचे निम्मे श्रीमंत रस्त्यावर आले. दिवाळखोरांची गर्दी इतकी की त्यांच्यासाठी त्याच साली अठ्ठाविसावा अॅक्ट खास करावा लागला. बँक ऑफ बाँबे सुद्धा १८६८ मध्ये गुंडाळली गेली. अशा काळात एखाद्याने ऋणकोचे शेअर जप्त करून आणले म्हणजे काय आणले? त्यातून शेअर अर्धवट भरण्याचा असेल, तर उरलेला हप्ता भरण्याची मागणी जो घेईल त्याच्या डोक्यावर! वसुलीला गेलेला सावकार नवे देणे घेऊन घरी यावा, हा विनोद त्या वर्षी कोणाला हसू आणीत नव्हता.

त्यानंतर दहा वर्षांनी, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात कुणबी जमले आणि त्यांनी सावकारांच्या घरांतली खते व हुकूमनामे मागून घेऊन जाळले. माणसांपेक्षा कागदांवर राग अधिक होता. त्यातून १८७९ चा डेक्कन शेतकरी कायदा निघाला आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैद करणे बंद झाले. ती कथा मोठी आहे आणि अनेकांनी सांगितली आहे.

मूळ पेचाकडे वळू. कंपनीच्या बाबतीत उत्तर त्या मानाने सोपे निघाले, कारण कायद्याने कंपनीला निराळी व्यक्ती मानले. व्हाइटचॅपेलच्या अॅरन सॉलोमन नावाच्या बूटवाल्याने आपला धंदा कंपनीला विकला. वीस हजारांवर शेअर त्याचे, आणि बायको व पाच मुले यांना एकेक. कंपनी बुडाली. घेणेकरी म्हणाले, ही कंपनी म्हणजे हाच माणूस. पण १८९६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितले की, नाही, माणूस तो माणूस, कंपनी ती कंपनी. हे एकदा मान्य केले की उलटेही ओघाने येते. भागधारकाच्या कर्जासाठी कंपनीच्या यंत्राला हात लावता येत नाही. धनकोला मिळतो तो केवळ शेअर, आणि शेअर घेणाऱ्याला जे हक्क असतात तेच त्याला. आपल्या दिवाणी संहितेतही तसेच आहे. कोर्टाची मनाई ऋणकोवर आणि कंपनीच्या अधिकाऱ्यावर बजावली जाते. त्याने शेअर दुसऱ्याच्या नावे करू नये, डिव्हिडंड घेऊ नये. मग दलालामार्फत विक्री करता येते.

भागीदारीच्या पेढीचे तसे नाही. इंग्लंडच्या कायद्यात पेढी ही भागीदारांहून निराळी अशी कोणी नव्हतीच. (स्कॉटलंडात मात्र ती निराळी व्यक्ती मानतात, एकाच राजाच्या छत्राखाली नदीच्या अलीकडे पेढी नाही आणि पलीकडे आहे!) पेढीतला प्रत्येक तागा साऱ्या भागीदारांचा सामाईक, अविभक्त. मग शेरीफाने कोणता तागा उचलावा? १६९३ च्या हेडन खटल्यात उत्तर मिळाले: सगळे उचलावे. अर्धा तागा उचलता येत नाही, तेव्हा सारा माल ताब्यात घ्यावा आणि ऋणकोचा अविभक्त हिस्सा विकावा. घेणारा दुसऱ्या भागीदाराचा सहमालक होईल. तर्काला चूक काढता येत नाही, व्यवहारात मात्र हाहाकार. ऋणकोचा हिस्सा म्हणजे तरी काय? पेढीची देणी आधी फेडावयाची, भागीदारांची आपापसांतली उचल वजा करावयाची, आणि मग उरेल तर उरेल. शेरीफ काय विकतो हे त्याला ठाऊक नसे, आणि विकत घेणारा काय घेतो हे त्याला ठाऊक नसे. दोघांनाही एवढेच ठाऊक असे की पुढे चान्सरी कोर्टात खटला आहे.

या अव्यवस्थेचे मार्मिक वर्णन करून ठेवले आहे ते न्यायमूर्ती नॅथानिएल लिंडले यांनी. हा गृहस्थ भागीदारीच्या कायद्याचा पाणिनीच म्हणावयाचा. १८६० साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी या विषयावर जो ग्रंथ लिहिला त्याच्या आवृत्त्या अजून निघतात. १८९५ च्या एका निकालपत्रात ते जुनी रीत सांगतात. शेरीफ पेढीवर जाऊन सारे काही ताब्यात घेई, धंदा बंद पाडी, निर्दोष भागीदारांना वेड लागायची पाळी आणी, आणि शेवटी धनकोला हिशेबासाठी चान्सरीची पायरी चढावयास लावी. याहून अडाणी पद्धत क्वचितच कोठे वाढली असेल, असे ते म्हणतात. निकालपत्रात न्यायाधीश सहसा इतके मोकळे बोलत नाहीत. (हेच लिंडले त्याच वर्षी सॉलोमनच्या खटल्यात बूटवाल्याच्या विरुद्ध गेले होते आणि वरच्या कोर्टाने त्यांना चूक ठरविले. पाणिनीचेही एखादे सूत्र चुकावयाचेच.)

लिंडले हे बोलले तेव्हा पद्धत बदललेली होती. सर फ्रेडरिक पोलॉक यांनी मसुदा केलेला भागीदारीचा कायदा पार्लमेंटात पुष्कळ वर्षे भिजत पडून अखेर १८९० साली संमत झाला. त्याच्या तेविसाव्या कलमाने दोनशे वर्षांचा गुंता सोडविला. पेढीविरुद्ध हुकूमनामा असल्याखेरीज पेढीच्या मालावर जप्ती नाही. एका भागीदाराचे खासगी कर्ज असेल तर कोर्टाने त्याच्या वाट्यावर, म्हणजे मालमत्तेतील व नफ्यातील हितसंबंधावर, बोजा चढवावा. त्याचा नफा गोळा करण्यास रिसीव्हर नेमावा. इतर भागीदारांना कधीही पैसे भरून तो बोजा उतरविता यावा, आणि विक्रीचा हुकूम झालाच तर वाटा विकत घेता यावा. दुकान उघडे राहिले, तागे जागच्या जागी राहिले, आणि सावकार आतल्या गल्ल्याऐवजी बाहेर नळीच्या तोंडाशी भांडे लावून बसला. नफा वाहील तेवढा त्याचा.

हाच नियम आपल्याकडे १९०८ च्या दिवाणी संहितेत एकविसाव्या ऑर्डरचा एकोणपन्नासावा नियम म्हणून आला आणि १ जानेवारी १९०९ पासून लागू झाला. पोलॉकसाहेबांचे नाव मराठी वकिलाच्या कपाटात आणखी एका कारणाने असे: मुंबईचे सर दिनशा मुल्ला यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेला करार कायद्यावरचा ग्रंथ. हेच मुल्ला पुढे १९३२ चा भारतीय भागीदारी कायदा ज्या समितीच्या हातून घडला तिच्यात होते. लंडनमधली तोड मुंबईच्या माणसाच्या ओळखीची होती, एवढे म्हणावयास हरकत नाही.

माझ्या लहानपणी आमच्या तालुक्याच्या गावी शेजाऱ्यांकडे जप्ती आलेली मी पाहिली आहे. बेलिफ ओटीवर बसून यादी करीत होता: सायकल एक, भिंतीवरचे घड्याळ एक, शिसवी कपाट एक. काकू दाराआड मंगळसूत्र मुठीत धरून उभ्या होत्या. बेलिफ वर न पाहता म्हणाला, "बाई, त्याला कोणी हात लावीत नाही." ते त्याचे सौजन्य नव्हते, संहितेचे साठावे कलम होते. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे आणि स्त्रीला धर्माचाराप्रमाणे अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने त्यात वगळलेले आहेत. पण हे मला कळले पुष्कळ वर्षांनी. त्या दिवशी कळले ते इतकेच की, घड्याळ काढल्यावर भिंतीवर पांढरा गोल राहतो.

दुकानावरची जप्ती अशी दिसत नाही, आणि तिथेच सावकाराची तक्रार सुरू होते. बोजा चढला खरा, पण नफाच दाखविला नाही तर? कीर्द भावांच्या हाती, खतावणी भावांच्या हाती. १९३२ च्या कायद्याचे एकोणतिसावे कलम वाटा घेणाऱ्याला स्पष्ट सांगते की, धंदा चालू असेतो त्याने कारभारात ढवळाढवळ करावयाची नाही, हिशेब मागावयाचा नाही, चोपड्या पाहावयाच्या नाहीत. भागीदारांनी मान्य केलेला नफ्याचा आकडा निमूट मान्य करावयाचा. वाटा लिलावात काढला तर असल्या आंधळ्या मालाला किंमत काय येणार? १९६६ साली सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की, पेढी चालू असताना भागीदाराला अमुक एक वस्तू माझी असे म्हणता येत नाही. त्याचा हक्क नफ्यावर, आणि पेढी मोडल्यावर देणी भागवून उरेल त्यावर. सावकाराला मिळतो तो हाच हक्क.

पण भावांनाही फार निर्धास्त राहता येत नाही. चव्वेचाळिसाव्या कलमाप्रमाणे एका भागीदाराने आपल्या वाट्यावर असा बोजा चढू दिला, तर दुसरा भागीदार त्या कारणावर पेढी मोडण्याचा दावा लावू शकतो. बाहेरच्या सावकाराला जे करता येत नाही ते घरातला रुसवा करू शकतो. मला वाटते, या सगळ्या कायद्यातली खरी धार येथे आहे. बोजाचा कागद पेढीवर येतो, कारण अर्जाची प्रत प्रत्येक भागीदाराला द्यावी लागते. आणि ज्या जामीनकीची गोष्ट मधल्या बंधूंनी बायकोलाही सांगितलेली नसते, ती त्या दुपारी थोरल्यांच्या हातात पडते.

अमेरिकेने १९१४ च्या नमुना कायद्यात हीच इंग्रजी रीत उचलली, आणि १९७७ मध्ये वायोमिंग राज्यात भागीदारी व कंपनी यांचे कलम करून जी नवी मर्यादित कंपनी काढली, तिलाही बहुतेक राज्यांनी हेच कवच घातले. लवकरच लबाडांच्या ध्यानात आले की, निर्दोष भागीदारांसाठी शिवलेला हा अंगरखा एकटा माणूसही घालू शकतो. एकट्याचीच कंपनी काढावयाची, पैसा तीत ठेवावयाचा, नफा वाटावयाचाच नाही. सावकार नळीशी बसून राहील. २०१० मध्ये फ्लॉरिडाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे क्रेडिट कार्डांच्या नावाने लोकांना फसविणाऱ्यांचे प्रकरण आले. फेडरल ट्रेड कमिशनचा हुकूमनामा त्यांच्याविरुद्ध होता आणि त्यांच्या कंपन्या एकेकट्याच्या होत्या. कोर्टाने विचारले की, राखावयाला दुसरा भागीदारच नाही, मग संरक्षण कोणाचे? संपूर्ण मालकीच धनकोच्या हवाली करण्यास लावता येते असा निकाल झाला. लागलीच २०११ मध्ये तेथील विधिमंडळाने कायदा दुरुस्त केला: भागीदार एकाहून अधिक असतील तर फक्त बोजा, एकटाच असेल आणि नफ्यातून वाजवी मुदतीत कर्ज फिटण्यासारखे नसेल, तर वाट्याची विक्री.

लक्ष्मी रस्त्यावरच्या आपल्या कल्पित दुकानात अशी वेळ आली तर बहुधा वकिलापेक्षा आधी आई मध्ये पडेल. मधल्यांशी चार दिवस कोणी बोलणार नाही, धाकट्यांची बायको माहेरी जाण्याची भाषा करील, आणि मग एके सकाळी थोरले बंधू कोर्टात रक्कम भरून वाट्यावरचा बोजा उतरवतील. नियम त्यांना 'कधीही' भरण्याची मुभा देतो. रक्कम मधल्यांच्या खात्यावर नावे पडेल, दरसाल त्यांच्या नफ्यातून थोडी थोडी वळती होईल, आणि येत्या लक्ष्मीपूजनाला नव्या चोपडीत 'श्री'खाली मागील बाकी ओढताना ती ओळ थोरले स्वतःच्या हाताने लिहितील, मुनिमाला सांगणार नाहीत.